स्पीकरची कुरकुर



गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यापैकी चौघी-पाचजणींनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. "आमचा तो बोलणारा डबा मध्येच इंग्रजीत काहीतरी सांगतो आणि गप्प बसतो. तुमच्याकडे होतं का असं?" एकीने तर विचारलं, की मुलगा म्हणतो दुर्लक्ष कर, सगळ्यांकडे होतं; तर करू का दुर्लक्ष?

करू नका. मी केलं होतं, म्हणून सांगते.

आधी आमच्या घरची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो, अक्षर दिसत नाही. पण नेम सुटलेला नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, णमोकार म्हणायचा आणि मग भक्तामर स्तोत्र. आपल्याकडच्या पाठात ४८ श्लोक. पन्नास-पंचावन्न वर्षं त्यांना ते तोंडपाठ आहे, पण हल्ली मध्येच सांधा निसटतो. एका श्लोकावरून भलत्याच श्लोकावर जातात, मग लक्षात येतं, मग पहिल्यापासून. पुढे कुणाचा तरी आवाज चालत असला की त्याच्या मागून त्या बरोबर जातात. पोथी दिसत नाही, तर आवाज हीच त्यांची पोथी.

मुलगा बंगळूरला असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने राउटरशेजारी एक छोटा संगणक बसवला. रास्पबेरी पाय म्हणतात त्याला, पत्त्यांच्या जोडाएवढा. त्यावर होम असिस्टंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. पाण्याच्या टाकीची मोटर, गीझर, जिन्यातला दिवा आणि आजीच्या खोलीतला दिवा व स्पीकर, हे सगळं त्यावरून चालतं. पहाटे साडेपाचला आजीच्या खोलीतला दिवा हळूहळू उजळतो आणि स्तोत्र लागतं. पहिले आठ दिवस मला फार कौतुक वाटलं. नवव्या दिवशी कुरकुर सुरू झाली.

पहिली गोष्ट जाहिरातीची. सुरुवातीला स्तोत्र एका गाण्यांच्या सेवेवरून लावत होतो, पैसे न भरता. फुकटच्या खात्यात मध्ये मध्ये जाहिरात येणारच. पण कुठली यावी? हात जोडून बसलेल्या आईंना अठराव्या-एकोणिसाव्या श्लोकानंतर चिकन बिर्याणी घरपोच मिळेल असं ऐकू आलं. त्यांनी मला हाक मारली आणि शांतपणे विचारलं, "अगं, हे कुठल्या श्लोकात आलं?" हे खोलीबाहेर जाऊन हसले, मी त्याच दिवशी पैसे भरायला लावले.

पैसे भरल्यावर जाहिरात गेली आणि दुसरं सुरू झालं. पाच-सात मिनिटं नीट चालायचं, मग एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि आवाज बंद. रोज व्हायचं नाही. शनिवारी-रविवारी व्हायचं, परीक्षेच्या दिवसांत रोज व्हायचं. हे मला कसं कळलं? मी वही घातली. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, नोकरी एक दिवस केली नाही, पण वहीची सवय गेलेली नाही. तारीख, वेळ, आवाज बंद झाला तेव्हा काय बोललं त्याचे शब्द जसे ऐकू आले तसे देवनागरीत, आणि घरात तेव्हा काय चालू होतं. बारा-पंधरा नोंदी झाल्यावर मुलाला फोनवर वाचून दाखवल्या. तो ते "अनदर डिव्हाइस" ऐकून हसायलाच लागला. खातं एकच, आणि ते पुण्याला वसतिगृहात नातीच्या फोनवरही होतं. पोरगी रात्रभर अभ्यास करून पहाटे साडेपाचला झोपण्याआधी गाणी लावत होती. तिने लावलं की आजीचं बंद, आजीचं लागलं की तिचं बंद. तिला वाटत होतं आपला फोन बिघडलाय.

अशा सेवांमध्ये एका माणसासाठीच्या खात्यावर बहुधा एका वेळी एकाच ठिकाणी ऐकता येतं. संयुक्त खात्याची दोन चेकबुकं दोघांकडे असावीत आणि शिल्लक एकाच चेकपुरती असावी, तसं ते. स्पीकर बिघडलेला नव्हता, इंटरनेट बिघडलेलं नव्हतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. आजीने आणि नातीने वेगळं खातं घ्यायचं किंवा घरच्या सगळ्यांसाठीची योजना घ्यायची. तुमच्यापैकी ज्यांना हा इंग्रजी निरोप येतो, त्यांनी आधी घरात विचारा, आपलं खातं आणखी कुणाकुणाच्या फोनवर आहे. जावयाच्या गाडीतसुद्धा असू शकतं.

आम्ही मात्र तिसराच रस्ता धरला. यांना माळ्यावर एक कॅसेट सापडली. १९९१ साली आमच्याच घरी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने स्तोत्र म्हटलं होतं, तेव्हा यांनी टेपवर घेतलेलं. मावशी आता नाहीत. आवाज थोडा खरखरीत, मध्ये एकदा प्रेशर कुकरची शिट्टीपण आहे. पण आईंनी तो ऐकला आणि पहिल्या श्लोकापासून शेवटपर्यंत एकदाही सांधा निसटला नाही. दोघी बहिणी लहानपणी एकत्र शिकल्या, श्वास कुठे घ्यायचा तेही सारखं. त्या दिवशी मी ठरवलं, आता विकतचं नाही, हेच लावायचं.

इथून पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पदर खोचून वाचा. आपल्याला कळण्यासारखं आहे. मला कळलं.

कॅसेटवरून संगणकात घेणाऱ्या माणसाने फाइल दिली ती डब्ल्यूएमए प्रकारातली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर छान वाजली, स्पीकरवर काही नाही. आमचा स्पीकर कास्ट पद्धतीचा आहे. त्याला एमपी३, एएसी, फ्लॅक, वेव्ह अशा प्रकारांतलं वाजवता येतं, डब्ल्यूएमए येत नाही. तीच फाइल एमपी३ करून आणली. दहा मिनिटांचं काम.

तरीही स्पीकर नुसता "टुंग" असा आवाज करायचा आणि गप्प. यावेळी इंग्रजी बाई नाही, काही नाही. मुलाने मला होम असिस्टंटमधली नोंदवही कशी उघडायची ते शिकवलं. लॉग म्हणतात तिला. सेटिंग्जमध्ये सिस्टिममध्ये असते. प्रणालीला जे जे खटकतं ते ती तिथे वेळेसकट लिहून ठेवते. मला ती वही पाहून आपलेपणाच वाटला. त्यात लिहिलं होतं, की हे ध्वनी मी स्पीकरकडे पाठवू शकले नाही, दिलेला पत्ता स्पीकरला पोचता येईल असा आहे का बघा, आणि तो एक तर जगजाहीर नाव असावा किंवा आयपी आकडा असावा.

याचा अर्थ असा. फाइल आता आमच्याच घरात, त्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या संगणकात. तो संगणक स्पीकरला फाइल हातात देत नाही. फाइल कुठे आहे त्याचा पत्ता सांगतो आणि स्पीकर स्वतः जाऊन घेऊन येतो. पत्ता दिला होता घरगुती नावाने, ज्याच्या शेवटी "लोकल" येतं तसा. आपल्या गल्लीत कुणालाही "बाळूचं घर कुठलं" विचारलं तर दाखवतील. पण तेच नाव जिल्ह्याच्या पोस्टात जाऊन विचारलं, तर कोण बाळू? आमच्यासारखे कास्ट स्पीकर नेमकं तेच करतात. ते घरात विचारत नाहीत, नाव ऐकलं की थेट गूगलच्या बाहेरच्या नावनोंदणीत विचारायला जातात, आणि तिथे आपल्या घरातल्या संगणकाचं लाडाचं नाव असणार कुठून? म्हणून पत्ता आकड्यात द्यावा लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारा चार आकड्यांचा जो गट असतो, तो घरातला पत्ता. सेटिंग्ज, सिस्टिम, नेटवर्क इथे घरच्या जाळ्यातला पत्ता भरायची जागा आहे. मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं, मी टाइप केलं. मावशींचा आवाज खोलीत आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी एक चूक केली, आणि हे सगळं लिहिते आहे ते त्या चुकीसाठी.

मुलाने जाताना असं करून ठेवलं होतं, की नोंदवहीत काही लिहिलं गेलं की माझ्या फोनवर टुणकन निरोप यायचा. दिवसाला वीस-पंचवीस. जिन्यातल्या दिव्याने उत्तर द्यायला उशीर केला. टाकीच्या मापकाने एकदा आकडा दिला नाही. स्पीकर दोन मिनिटं दिसेनासा झाला, परत आला. रात्री दोन वाजता टुण. हे म्हणाले, हा फोन तरी बाहेर ठेव नाहीतर मला तरी. भाचा अभियांत्रिकीला आहे, तो जेवायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बाबा, हे बंद कर." त्याने दोन मिनिटांत केलं. नोंदवहीला पाच पायऱ्या असतात, किरकोळ तपशिलापासून अतिगंभीर बिघाडापर्यंत. त्याने सांगून ठेवलं, फक्त सगळ्यात वरच्या पायरीचं असेल तेवढंच लिही. "मामी, आता शांत झोपा." मी झोपले. महिनाभर शांतता.

मे महिन्यात एका रात्री वळीव आला, वीज दोन-तीनदा गेली-आली. पहाटे राउटर नव्याने सुरू झाला. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला आकड्यांचा पत्ता वाटतो, पण तो कायमचा नसतो, बोर्डिंगमधल्या खोलीसारखा असतो. सगळे परत आले तेव्हा खोल्या बदलल्या. आमच्या छोट्या संगणकाला वेगळा आकडा मिळाला आणि त्याचा जुना आकडा टीव्हीकडे गेला. सेटिंगमध्ये मी हाताने भरलेला पत्ता तर जुनाच! साडेपाचला आजीच्या खोलीतला दिवा उजळला, कारण दिव्याचा या भानगडीशी संबंध नाही. स्पीकरला पत्ता मिळाला तो टीव्हीचा. "टुंग", आणि गप्प. प्रणालीला हे समजलं होतं, तिने लिहिलंही असतं, पण भाच्याच्या आणि माझ्या हुकमाने तिने तोंड मिटून घेतलं होतं.

मी त्या दिवशी अंगणात पडलेला पाला काढत होते. पावणेसातला आईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसलेल्या होत्या, हातात माळ, ओठ हलत नव्हते. म्हटलं, "आई, झालं का स्तोत्र?" त्या म्हणाल्या, "झालं असेल गं." मी म्हटलं, असेल म्हणजे? तर म्हणाल्या, "दिवा लागलेला कळला. म्हणजे लागलं असेल. मीच ऐकून विसरले बहुतेक. आता असंच व्हायचं."

मैत्रिणींनो, त्या तासाभरात त्यांनी काय काय मनाशी मानून घेतलं असेल, याचा विचार अजून मला सोडत नाही. डबा गप्प बसला आणि चूक घेतली म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या अंगावर. इंग्रजीत का होईना काही बोलला असता, तर त्यांना कळलं असतं की यंत्राचं काहीतरी झालं. तोंड बंद केल्यामुळे त्यांना वाटलं, आपलं डोकं गेलं.

त्यावरून माझं मत झालं आहे ते सांगते. पटलं नाही तर वाद घाला.

हिशेबात ताळेबंदाआधी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळवून बघतात. जुळल्या नाहीत तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात, आणि मग चूक शोधायला बसतात. सापडली की सस्पेन्स खातं मिटवतात. आमचे सर सांगायचे, हे खातं उघडायला लाज नाही, वर्षाअखेरीला उघडं राहिलं तर लाज. भाच्याने केलं ते याच्याहूनही पुढचं. फरक सस्पेन्समध्ये टाकणं सोडाच, फरकाचा रकानाच खोडला. आणि मी त्याला तसं करायला सांगितलं, कारण मला झोप हवी होती.

मुलाशी मी यावर भांडले. तो म्हणतो, "आई, कुठल्याही प्रणालीच्या लॉगमध्ये इशारे असतातच, प्रत्येकाच्या मागे धावलीस तर दुसरं काही करणार नाहीस." त्याचं अर्धं खरं आहे. जिन्यातल्या दिव्याला उत्तर द्यायला दहा सेकंद लागले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, आणि मीही आता त्या नोंदी वाचत नाही. पण किरकोळ कुठलं आणि गंभीर कुठलं, हे कोण ठरवणार? यंत्राच्या हिशेबात अतिगंभीर म्हणजे यंत्र स्वतःच बंद पडणं. आमच्या घराच्या हिशेबात अतिगंभीर म्हणजे साडेपाचला मावशींचा आवाज न येणं. मोटर बंद पडली तर मी बादलीने पाणी आणीन. त्यामुळे ही निवड घरात राहणाऱ्या माणसाने करायची, बंगळुरूच्या नाही आणि जेवायला आलेल्याही नाही. इशारे वीसचे दोन करा, जरूर करा. पण ते दोन कुठले, हे स्वयंपाकघरातून ठरू द्या.

आम्ही मग काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. नोंदवही परत बोलती केली, पण फोनवरचे निरोप बंद ठेवले. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर त्याच्या आत शिरायचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथे जाऊन छोट्या संगणकाला त्याचा आकडा कायमचा राखून दिला. अॅड्रेस रिझर्व्हेशन अशा नावाने ती सोय बहुतेक राउटरमध्ये असते. आता वीज शंभरदा गेली तरी तो आकडा टीव्हीला मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेपाचचा हुकूम सोडल्यावर तीस सेकंद थांबून प्रणाली स्वतः बघते की स्पीकर खरंच "वाजतोय" या स्थितीत आहे का. नसेल तर माझ्या आणि यांच्या, दोघांच्या फोनवर मराठीत निरोप येतो: आईंच्या खोलीत स्तोत्र सुरू झालं नाही. हा एकच निरोप रात्रीबेरात्री वाजायला मोकळा आहे. हे तीस सेकंदांचं काम भाच्यानेच करून दिलं, मान खाली घालून. त्याला पुरणपोळी केली. त्याचा काय दोष, सांगणारी मी.

तुमच्या घरी होम असिस्टंट नसेल, नुसताच स्पीकर असेल, तरी वही घाला. "बंद पडला" असं लिहू नका. काय बोलला, कुठला दिवा लागला, किती वाजता, हे लिहा. दिव्याच्या रंगावरून एकमेकींना सल्ले देताना जरा जपून. एकोवर लाल वर्तुळ म्हणजे माइक बंद केलेला, आणि नारिंगी फिरत असेल तर तो इंटरनेटला जोडून घ्यायच्या खटपटीत. गूगलच्या स्पीकरवर मात्र माइक बंद केला की नारिंगी ठिपके दिसतात. म्हणजे एकीच्या घरचा नारिंगी आणि दुसरीच्या घरचा नारिंगी वेगळा. आमच्या गल्लीत या एका रंगावरून दोन शहाण्या बायकांचा अबोला झाला आहे.

मग बघा, बिघाड तीन घरांपैकी कुठल्या घरचा. गाण्याच्या सेवेचा, घरातल्या वायफायचा, की स्पीकरचा? त्याच वायफायवरच्या फोनवर तेच स्तोत्र लावून बघा. फोनवरही लागत नसेल तर स्पीकरला बोल लावू नका. फोनवर लागतं पण स्पीकरवर अडखळतं असं असेल, तर स्पीकर उचलून राउटरजवळ नेऊन लावा. तिथे नीट वाजला तर भिंती आडव्या येत आहेत. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड भिंतींतून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय फार जात नाही, त्याला २.४ वर जोडा. इचलकरंजीला नणंदेकडे वेगळाच प्रकार होता. तिथे स्पीकर पाहुण्यांच्या वायफायवर जोडला होता, आणि त्या वायफायवरच्या वस्तूंना घरातल्या वस्तू दिसतच नाहीत. पाहुण्याला माजघरात प्रवेश नाही, सोवळं कडक.

आणि पहिल्याच झटक्याला सगळं पुसून नव्याने बसवायला जाऊ नका. मार्च २०२५ मध्ये जगभर गूगलचे जुने, दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ अचानक चालेनासे झाले. हे उपकरण विश्वासार्ह नाही, असा काहीसा इशारा यायचा. लोकांना वाटलं आपलंच बिघडलं. प्रत्यक्षात त्या उपकरणांची ओळख पटवणाऱ्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. एखाद्या मुदत ठेवीची तारीख बँकच विसरली, असं समजा. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठवली आणि बऱ्याच जणांचं आपोआप सुरू झालं. पण ज्यांनी घाईने उपकरण मूळ स्थितीला नेलं, त्यांना ते परत बसवताना जास्त त्रास झाला. कंपनीनेसुद्धा तसं करू नका म्हणून सांगितलं होतं. इशारा वाचून दोन दिवस थांबलेल्यांचं कमी बिघडलं.

या डब्याबद्दल मला मंदिरात दोघींनी टोकलं आहे, तेही सांगून टाकते. एक म्हणाली, यंत्राने म्हटलेल्या स्तोत्रात काय भाव? मी म्हटलं, यंत्र म्हणतच नाही, मावशी म्हणतात आणि आई म्हणतात. दुसरीचा आक्षेप जास्त खोल होता. सामायिकात विजेचं साधन नको, त्यात अग्निकायाची हिंसा आहे. असं मानणाऱ्या बऱ्याच भगिनी आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. आमच्या आई सामायिकाला बसतात त्या स्तोत्र संपल्यावर, स्पीकर बंद झाल्यावर. तो त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम आहे.

मला स्वतःला टोचलं ते वेगळंच. राउटरमध्ये शिरले तेव्हा घरातल्या पत्ता असलेल्या वस्तूंची यादी दिसली. मोजल्या. १९ निघाल्या, आणि घरात राहणारी माणसं तीन. पर्युषणात आपण साड्या मोजतो, भांडी मोजतो, सोन्याची मर्यादा घालतो. परिग्रहाच्या परिमाणात या वस्तू कुणी लिहिल्याचं मी ऐकलं नाही. दोन जुने फोन, एक बंद पडलेला कॅमेरा, कुठल्याशा योजनेत फुकट आलेला दिवा, असं करत पाच काढून टाकल्या. मुलगा आता दिवाणखान्यासाठी आणखी एक स्पीकर पाठवतो म्हणतो. मी नको म्हटलं. एकाचीच वही सांभाळताना माझी दुसरी वही सुरू झाली आहे.

परवा, म्हणजे गेल्या मंगळवारी, साडेपाच वाजून गेल्यावर फोन वाजला. आईंच्या खोलीत स्तोत्र सुरू झालं नाही. मी पोथी घेतली आणि त्यांच्या खोलीत गेले. त्या दिव्याकडे तोंड करून वाट बघत होत्या. म्हटलं, "आई, आज डब्याला सुट्टी, मी म्हणते." त्यांनी सरकून जागा दिली. मी चष्मा लावून पोथीत बघून म्हणत होते, त्या मागून म्हणत होत्या. तिसाव्या श्लोकाच्या आसपास मी ओळ चुकले आणि वरचीच परत म्हणायला लागले, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट आपटलं आणि पुढचा शब्द दिला.

कारण नंतर शोधलं. सोमवारी खोली झाडताना स्पीकरची पिन सैल झाली होती. ती मीच झाडली होती. वहीत तसं लिहिलं आहे.